काचेमागचे ऊन

आबा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या मांड्या चांगल्या भरलेल्या दिसत होत्या, आणि त्याला पाहायला आलेल्या बहुतेकांनी "तब्येत तर बरी दिसते की" असेच म्हटले. आबा म्हणजे हिरवा इग्वाना, झाडावर राहणारा एक मोठा परदेशी सरडा, आणि त्याच्या बाबतीत याहून फसवे लक्षण दुसरे नसावे. शेपटीचे बूड खंगलेले, कमरेची हाडे कातडीखालून मोजता येतील इतकी वर आलेली, डोळे खोल गेलेले, आणि तरीही मांड्या व जबडा मात्र गुबगुबीत, असा इग्वाना समोर आला तर तो धष्टपुष्ट नाही, त्याच्या हाडांतले कॅल्शियम संपत आले आहे, असे समजावे. हाडांतून कॅल्शियम निघून गेले की शरीर त्या जागी तंतुमय ऊतक भरून कसाबसा आधार उभा करू पाहते. वरून दिसणारी ती सूज म्हणजे मांस नव्हे.

तो माझ्याकडे कसा आला, हे थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेतल्या एका सदनिकेत कोणी घोरपड कोंडून ठेवली आहे, असा फोन माझ्या एका सर्पमित्र स्नेह्याला आला. घोरपड ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते आणि ती घरात बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, म्हणून तो तातडीने गेला. घोरपड नव्हतीच. मागच्या गॅलरीतल्या काचेच्या टाकीत दोन-अडीच वर्षांचा एक इग्वाना पोटावर पडलेला होता. ज्या मुलाने हौसेने, दुसऱ्या एका शहरातून, तळहातावर मावणारे हिरवेगार पिल्लू म्हणून तो आणला होता, तो नोकरीसाठी परगावी गेला होता, आणि घरातली वडीलधारी माणसे काकडीच्या चकत्या टाकून आपले कर्तव्य पार पाडत होती. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. विकणाऱ्याने मात्र हे पिल्लू पुढे पाच-सहा फूट लांब होते, एवढे तरी सांगायला हवे होते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी तो टाळता येत नाही. इग्वाना हा परदेशी प्राणी असल्यामुळे तो कसाही पाळावा, असा समज आपल्याकडे बरीच वर्षे होता. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, इग्वाना त्यांतलाच. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. मूळ मालकाकडे तर खरेदीची साधी पावतीही नव्हती. म्हणून आधी वनविभागाला लेखी कळवले, पंचनामा झाला, आणि उपचारांसाठी प्राणी माझ्या ताब्यात आला. पुढचे कागद सावकाश होत राहिले; आबाला तेवढा सावकाशपणा परवडणारा नव्हता.

आता त्या काचेविषयी. टाकी गॅलरीत ठेवली होती आणि तिच्यावर रोज दुपारनंतर भरपूर ऊन येत होते, हे घरच्यांनी मला अनेकदा सांगितले, आणि ते खरेच होते. सांगलीत उन्हाची टंचाई कोणाला कधी जाणवली असेल, असे वाटत नाही. पण इग्वानाला उन्हाची ऊब पुरत नाही, त्यातले नेमके अतिनील-बी किरण लागतात. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण कातडीवर पडले की तिथल्या एका मेदद्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, शरीराच्या उबेने त्याचे ड-३ बनते, आणि यकृत व मूत्रपिंड यांतून जाऊन ते कामाला येते. ते असेल तरच आतडे अन्नातले कॅल्शियम शोषून घेते. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे डोळ्यांना दिसणारे ऊन आत येत होते, ऊबही येत होती, आणि ज्यासाठी ऊन हवे होते तेवढेच बाहेर राहत होते. टाकीवर लाल रंगाचा एक दिवाही लावलेला होता. त्यातून उष्णता मिळते, बाकी काही नाही.

रक्तातले कॅल्शियम एका मर्यादेखाली जाऊन चालत नाही, कारण स्नायू, मज्जातंतू आणि हृदय त्यावरच चालतात. त्यामुळे ते घसरू लागले की परावटू ग्रंथी संप्रेरक सोडून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढून घेतात, आणि हे महिनोन् महिने चालते. आबाच्या बोटांना अधूनमधून जी बारीक थरथर येत होती, ती हाडांतूनही आता पुरेसे मिळत नसल्याची खूण होती. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकत होता.

आमच्या पशुवैद्यकांचा सगळा दिवस म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांच्यात जातो. त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले, पुण्यातल्या एका जाणकार सहकाऱ्याशी फोनवर सविस्तर बोलून घेतले, आणि मगच हात लावला. अशा डॉक्टरांवर माझा अधिक विश्वास बसतो. एक्स-रेमध्ये हाडे कुठे संपतात आणि मांस कुठे सुरू होते, हे शोधावे लागत होते. उजव्या मांडीचे हाड कधीतरी मोडून वाकडेच जुळले होते, आणि पाठीच्या कण्याला शेपटीजवळ बाक आला होता. वजन पाव किलोच्या जरासेच वर भरले. या वयाच्या निरोगी इग्वानाचे वजन त्याच्या कितीतरी पट असते.

औषध म्हणून पोटातून द्यायचे कॅल्शियम होते, वजनावरून मोजून दिलेले. ड-३ चे थेंब आपल्या मनाने अजिबात द्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती, कारण ते जास्त झाले तर कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते. माणसाच्या गोळ्या चुरून घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

डॉक्टरांनी घातलेला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी ऊब, मग पाणी, आणि खाणे सर्वांत शेवटी. उपाशी जीव पाहिला की आपला हात पहिल्यांदा घासाकडे जातो, पण थंडावलेल्या इग्वानाच्या पोटात अन्न गेले तर ते पचत नाही, नुसते कुजते. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव पाला आंबवतात आणि त्यातून त्याला शक्ती मिळते. हे सूक्ष्मजीव उबेशिवाय काम करत नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडात रानटी झालेले इग्वाना कडाक्याच्या थंडीत बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात, आणि जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने त्याबद्दल लोकांना चक्क सावधगिरीची सूचना दिली होती. आमच्याकडे तेवढी थंडी पडत नाही, तरी डिसेंबरात कृष्णाकाठचा पहाटेचा गारठा आबाच्या दृष्टीने पुरेसा घातक होता. उजेड न देता उष्णता देणारा सिरॅमिकचा दिवा, त्याला तापमान नियंत्रक, बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २७-२८, अशी सोय केली. वीज गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या, हे काम आईने आपणहून पत्करले. "सरडा तो सरडाच" असे तिचे मत होते आणि आजही आहे, पण रात्री उठून पिशवी बदलायला मतपरिवर्तन लागत नाही.

पाण्यासाठी रोज सकाळी कोमट पाण्याचे टब. पाणी खांद्यापर्यंत, डोके सतत वर राहील असे, आणि आपला हात हनुवटीखाली. पहिले काही दिवस तो नुसता पडून राहायचा. मग एके सकाळी त्याने तोंड पाण्यात बुडवले आणि घशाची कातडी हलू लागली. तो पीत होता, आणि मध्ये थांबून थांबून बराच वेळ पीत राहिला. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे त्याचे मूत्राम्ल असते. तो आधी खड्यांच्या रूपात कडक येत होता, तो हळूहळू मऊ झाला. आमच्या घरात त्या आठवड्यात जेवणाच्या ताटावरही या विषयाची चर्चा झाली आहे.

खाण्याविषयी लिहायला बसलो तर लेख संपणार नाही. इग्वाना पूर्ण शाकाहारी असतो. त्याला उकडलेले अंडे आणि चिकनचे तुकडे देणारे लोक आहेत, आणि आबालाही ते दिले गेले होते. त्याने वाढ झपाट्याने होते असे म्हणतात, पण मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. काकडीत पाण्याखेरीज फारसे काही नाही. पालक आणि चुका यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे तेही नकोत. फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम मिळेल असा पाला हवा, आणि गंमत म्हणजे असा पाला सांगलीत पायलीने मिळतो. शेवग्याची झाडे प्रत्येक गल्लीत आहेत; शेंगा आपण खातो आणि पाला वाया जातो. तुतीची पाने, जास्वंदीची कोवळी पाने, जोडीला किसलेला लाल भोपळा आणि घेवडा. परदेशातले लोक ज्या अल्फाल्फाची वाळवून पाकिटे विकत घेतात, ती आपली लसूणघास, म्हशीचा चारा. मी गवळ्याकडे मूठभर लसूणघास मागितली तेव्हा त्याने विळा हातात तसाच धरून मला विचारले, "काय ओ सर, एवढ्यात कुठली म्हस भागवताय?"

द्राक्षाच्या पानांचा मोह मात्र टाळावा लागला. द्राक्षाचा पाला इग्वानाला मानवतो, आणि तासगावकडे एप्रिलच्या खरड छाटणीत व पुढे ऑक्टोबरच्या फळ छाटणीत त्याचे ढीग पडतात. पण ज्या पानांवर हंगामभर डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या होतात, ती पाने धुऊनसुद्धा एका दुबळ्या जनावराला घालण्याचे धाडस मला झाले नाही. बागाईतदार मित्राने स्वतःच नको म्हणून सांगितले, यातच सगळे आले.

सुरुवातीला भिजवलेली लसूणघास आणि भोपळा वाटून, गाळून, सुई नसलेल्या सिरिंजने थेंब थेंब ओठाच्या कडेला लावायचे, इतकेच. जबडा एवढा मऊ असताना तोंड जबरीने उघडले तर तो मोडतो. थेंब लावला की तो जीभ बाहेर काढून चाटत असे, आणि चाटायचे थांबला की आपणही थांबायचे. प्रमाण थोडे ठेवले होते, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातले क्षार बिघडून प्राणी दगावू शकतो.

आपल्या तोंडाने त्याने खाल्लेली पहिली वस्तू म्हणजे लाल जास्वंदीचे फूल. इग्वानाला रंग चांगले ओळखता येतात. आईने संकष्टीसाठी काढून ठेवलेली परडी ओट्यावर होती, आणि मी त्यातले एक फूल न विचारता उचलले. आबाने मान वर केली, जिभेने फुलाला दोनदा स्पर्श केला आणि एका बाजूच्या पाकळीचा लचका तोडला. केसर त्याच्या नाकाला चिकटला होता. आईने दारातून पाहिले आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून परडीत गणपतीच्या वाटची फुले वेगळी आणि आबाच्या वाटची वेगळी निघू लागली. गणपतीची ताजी, आबाची आदल्या दिवशीची, हा भेद तिने कटाक्षाने पाळला.

अंगात थोडी धुगधुगी आल्यावर त्याला गच्चीवर न्यायला सुरुवात केली. लोखंडी जाळीचा पिंजरा, अर्ध्या भागावर गोणपाट, आणि आत तापमापी. काचेची किंवा प्लास्टिकची पेटी उन्हात ठेवली तर आतला प्राणी काही मिनिटांत मरतो, म्हणून जाळीच हवी, आणि सावलीत सरकण्याची सोय हवीच. हिवाळ्यात नऊच्या पुढचे ऊन उत्तम. अगदी कोवळ्या उन्हात आपल्याला हवे ते किरण फार थोडे असतात, कारण सूर्य खाली असताना हवेचा जाड थर ते गाळून टाकतो. एप्रिलात पारा चाळिशीला टेकू लागला की साडेनऊलाच खाली यायचे. आजारी प्राण्यासाठी घरात अतिनील-बीची नळी लावली होतीच, आणि तिचाही उपयोग होतो. पण गच्चीवरून उतरल्यावर त्याच्या रंगात आणि डोळ्यांत जो फरक दिसे, तो मला नळीखाली कधी दिसला नाही.

तिथेच एकदा एक घार बरीच खालून फिरत गेली. तिची सावली पिंजऱ्यावरून सरकली मात्र, आबा क्षणात जाळीच्या तळाला सपाट झाला, मान एका बाजूला कलती करून वर पाहू लागला. इग्वानाच्या माथ्यावर, मधोमध, फिकट रंगाचा एक खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि अंधार कळतो, आणि वरून येणाऱ्या सावलीची वर्दी मिळते. आदल्या महिन्यात अंगावर हात ठेवला तरी न हलणारा प्राणी आता घारीला घाबरला होता, आणि मला त्या दिवशी फार बरे वाटले.

बोटांची हकीकत इतकी सुखाची नाही. दमटपणा कमी पडल्यामुळे कातीचे जुने थर बोटांभोवती कड्यांसारखे अडकून राहिले होते, आणि ती कडी सुकून आवळत गेली की रक्तपुरवठा बंद होतो. कोमट पाण्यात भिजवून, कापसाच्या बोळ्याने एका दिशेने पुसत, एकेक कडे निघाले. ओढून काढले तर खालची कातडीही सोलते. डाव्या मागच्या पायाच्या एका बोटाचे टोक आधीच काळे पडले होते, ते गळून गेले. शेपटीचे टोकही गेले. शेपूट इग्वानाला पुन्हा फुटते, पण ती गडद, आखूड आणि काट्यांची झालर नसलेली असते.

घरातल्या नियमांत आईचे आणि डॉक्टरांचे एकमत झाले, हा योगायोग दुर्मीळ आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्यांचा त्यांना काही त्रास होत नाही, आपल्याला होतो. म्हणून आबाची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायची नाहीत, हात लावला की साबणाने धुवायचे, आणि शेजारच्या लहान मुलांनी लांबूनच पाहायचे. तो शिंकतो तेव्हाही जपून. इग्वानाच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि तो ते शिंकून फेकतो; माझ्या चष्म्यावर वाळलेले पांढरे ठिपके पाहून वर्गातल्या मुलांनी फळ्यावरचा खडू समजावा, हे स्वाभाविकच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा पुन्हा स्पष्ट दिसल्या. जबडा आता टणक आहे, थरथर पूर्ण थांबली आहे, आणि मांड्यांची ती फसवी गोलाई उतरून पाय बारीक दिसू लागल्यावर "हा वाळला की हो" अशी काळजी लोक करू लागले आहेत. वाकडे जुळलेले मांडीचे हाड सरळ होणार नाही आणि कण्याचा बाकही जाणार नाही. तो उजवा पाय थोडा बाहेर फेकत चालतो. चढतो मात्र व्यवस्थित.

पुढचा प्रश्न पावसाळ्याचा होता. आषाढात इकडे आठवडाच्या आठवडा ऊन दिसत नाही आणि कृष्णेच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना गच्चीवर जायचे सुचतही नाही, तेव्हा सगळी भिस्त नळीवर येते. ही नळी दिसायला वर्षानुवर्षे लख्ख पेटते, पण तिच्यातून येणारे अतिनील-बी किरण हळूहळू घटत जातात. बहुतेक नळ्या सहा महिने ते वर्षभरात बदलाव्या लागतात. मृगाआधीच मी नवी नळी लावली. चांगली पेटती नळी काढून टाकताना पाहून शेजारच्या काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला माझ्याकडे छोटेसे उत्तर नव्हते.

सध्या मोठ्या पिंजऱ्याचे काम चालू आहे. झाडावर राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला लांबीपेक्षा उंची हवी. सहा फूट उंच, वर प्लास्टिकचा थर दिलेली बारीक जाळी म्हणजे नखे अडकणार नाहीत, अंगाच्या जाडीएवढ्या आडव्या फांद्या, आणि दिव्याला थेट चिकटता येणार नाही अशी वेगळी जाळी, कारण त्यांना पोटाखालची आच नीट उमगत नाही आणि भाजल्यावरही ते तिथेच बसून राहतात. माप, आकृती आणि आगाऊ रक्कम एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे देऊन आलो आहे. गणपतीच्या आत देतो, असे त्याने सांगितले आहे. कुठल्या वर्षीच्या, हे विचारायचे राहिले.